उम्म कुलसूम कशी ऐकावी

आधी तासभर मोकळा काढा. इजिप्तच्या या गायिकेची एकेक चीज मैफलीत तास-तास चालायची, त्यामुळे भाजी चिरता चिरता ऐकायचं हे गाणं नव्हे.

सुरुवात 'इन्ता उमरी'नं करा. १९६४ सालचं गाणं, चाल मुहम्मद अब्दुल वहाब यांची. स्टुडिओतलं नको, मैफलीतलंच ध्वनिमुद्रण शोधा. बाई लगेच गात नाहीत. आधी कितीतरी वेळ वाद्यवृंद वाजतो, त्यात चक्क इलेक्ट्रिक गिटार आहे. मस्कतला नोकरीत असताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हा भाग सरळ पुढे ढकलला. शेजारच्या टेबलावरच्या इजिप्शियन सहकाऱ्यांनी मुकाट्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. बरं झालं, कारण कान तिथंच लागतो.

मग पहिली ओळ येते: तुझ्या डोळ्यांनी मला सरलेल्या दिवसांकडे परत नेलं. आता पेन्सिल घ्या. ही ओळ त्या किती वेळा घेतात ते मोजा, आणि दर खेपेला काय बदललं ते टिपा. कधी एखादा शब्द लांबवतात, कधी तोच शब्द तोडून हळूच खाली ठेवतात. ठुमरीतला बोलबनाव ज्यांनी मन लावून ऐकलाय त्यांना हे परकं वाटणार नाही. श्रोते 'अल्लाह!' म्हणून ओरडतात, टाळ्या थांबत नाहीत, आणि ओळ पुन्हा येते. गाणारा आणि ऐकणारा दोघंही ज्यात बुडतात त्या अवस्थेला अरबीत 'तरब' म्हणतात. चित्रफीत मिळाली तर त्यांच्या हातातला रेशमी रुमाल बघा, कसा मुठीत आवळला जातो!

रास्त, बयाती या मकामांत, म्हणजे अरबी संगीतातल्या रागांसारख्या स्वरचौकटींत, काही स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध बसतात. पेटीवर ते शोधू नका, सापडणार नाहीत. आठवडाभर ऐका, आपोआप गोड लागतात.

त्यानंतर 'अल-अतलाल', १९६६ चं, रियाद अल-सुनबाती यांची चाल. इथं अक्षरन् अक्षर ऐका. बाईंचे वडील नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका खेड्यात इमाम. लेकीनं लहानपणीच कुराणपठण शिकलं आणि मुलाचे कपडे घालून त्यांच्यासोबत गायली. ती तालीम प्रत्येक उच्चारात ऐकू येते.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री कैरो रेडिओवर त्यांची मैफल असायची. मीही अजून त्याच रात्री लावते, दिवे मालवून.