प्रोग्रॅम सर्व्हरवर नेला तरी फोन वाजतोच: या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांना मी हिशेबाचा प्रोग्रॅम देतो. पूर्वी तो प्रत्येक पीसीवर टाकलेला असायचा. आता तो इंटरनेटवरच्या एका सर्व्हरवर (सगळ्यांना पुरणाऱ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरवर) असतो नि दुकानं तो ब्राउझरमध्ये उघडतात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा पेनड्राइव्ह खिशात घालून दुकान न् दुकान हिंडलो. 22 सप्टेंबर 2025 ला दर बदलले, ते विश्रामबागेत घरी बसून सर्व्हरवर एकदाच बदलले. तेवढ्यावर ‘सपोर्टची कटकट मिटली’ असं धरून चाललो, ही पहिली चूक.

एका सकाळी फोन : “तुमची साइट बंद पडलीय.” शेजारच्या दुकानात मात्र चालू. तासभर सर्व्हर उचकटला. शेवटी जाऊन बघतो, तर पीसीवर साल 2009. मदरबोर्डवरचा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागं पडतं. मग सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र पुढच्या तारखेचं दिसतं नि ब्राउझर दार लावून घेतो. स्क्रीनवर तसं इंग्रजीत लिहिलेलं होतं, पण सौद्याच्या गडबडीत वाचतो कोण? आता माझा पहिला प्रश्न ठरलेला : “शेठ, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतीय?”

प्रिंटरनं त्याहून छळलं. पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाची, कार्बन प्रत लागते, म्हणून कागदावर ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सुटत नाही. जुना प्रोग्रॅम त्याला सरळ अक्षरं पाठवायचा. ब्राउझर तीच पट्टी चित्र करून पाठवतो. हळू, पुसट, कागद सरकलेला. महिनाभर मार्जिनशी झटलो, फुकट. अखेर पीसीवर एक छोटा प्रोग्रॅम बसवला. तो सर्व्हरकडून मजकूर घेतो आणि प्रिंटरला जसाच्या तसा देतो. म्हणजे पीसीवर काहीतरी आलंच की! पण तो सहसा बदलावा लागत नाही. रोज बदलणारं सर्व्हरवर, न बदलणारं पीसीवर, ही वाटणी सुरुवातीलाच करायला हवी होती.

मग परत सगळं पीसीवर न्यायचं? छे. ऑगस्ट 2019 च्या पुरात एका गिऱ्हाइकाचा पीसी पाण्याखाली गेला. माडीवर ठेवलेल्या त्याच कार्बन प्रतींवरून आम्ही वर्षाचा हिशेब पुन्हा भरला.

सौद्याच्या वेळेत नवी आवृत्ती चढवू नका. पूर्वी एक पीसी अडायचा, आता सगळी दुकानं एकदम फोन करतात. नंतरही कुणाला जुनंच दिसलं तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबायला सांगा. आणि आवृत्तीचा आकडा स्क्रीनवर ठळक छापा, शेजारी ब्राउझरचाही. तिथं क्रोम 109 दिसलं, की बहुधा पीसी विंडोज 7 चा. त्याच्यापुढचं क्रोम त्यावर चढतच नाही.