लाइट गेली तरी लॅपटॉप टिकवायचा कसा

आषाढात देवगड-मालवणकडे वारा सुटला की लाइट जाणारच. अशा वेळी आधी प्रोसेसरला आवर घाला.

प्रोसेसर कामाच्या ओझ्याप्रमाणे वेग सतत बदलतो आणि वेगाबरोबर व्होल्टेजही. खरी बचत तिथेच. वीज वेगाच्या पटीत लागते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही २० टक्क्यांनी उतरले, तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे चालू कामाची वीज जवळपास निम्मी!

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधून पॉवर ऑप्शन्स उघडा. चालू प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट' शोधा. 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट'मध्ये फक्त 'ऑन बॅटरी'चा आकडा १०० वरून ९९ करा. एका टक्क्याने काय होणार? बहुतेक लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरला त्याच्या ठरलेल्या मूळ वेगाच्या ('बेस स्पीड') वर पळवणारा मोड, बंद होतो, आणि जास्त व्होल्टेज खाणारा तोच. 'मिनिमम' ५ असू द्या. तिथे १०० असेल तर रिकामा प्रोसेसरही धावत राहतो. काही नव्या लॅपटॉपवर हे पर्याय दिसतच नाहीत. तिथे सेटिंग्जमधला 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' मोड निवडा.

खात्री टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये करा: 'स्पीड'चा आकडा 'बेस स्पीड'च्या वर चढता कामा नये.

हावरेपणाने 'मॅक्सिमम'चा आकडा ३० टक्क्यांवर मात्र आणू नका. काम रेंगाळतं, तेवढा वेळ स्क्रीन जळत राहते, आणि वाचवलेली वीज तिकडेच जाते. स्क्रीनचा उजेडही उतरवा, हे सांगायला नकोच.