वरळीचा बांध टिकलाच नाही अशा मुंबईवरच्या फँटसीचा दुसरा भाग कसा लिहायचा

दुसरा भाग लिहायला बसलं की पहिलं डोक्यात येतं ते म्हणजे व्हिलन मोठा करू, जादू डबल करू, शहराला अजून चार पेठा जोडू. प्लीज असं करू नका. इतिहास वेगळा वळवलेलं शहर असेल ना तर दुसऱ्या भागाचं सामान पहिल्या भागातच कुठंतरी पडलेलं असतं, बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या चुकीत. मी सध्या माझ्या मुंबईचा दुसरा भाग लिहितेय, त्यातूनच सांगते.

आधी फाटा पक्का करा. फाटा म्हणजे खरा इतिहास जिथून सोडला ती जागा, आणि ती एकच हवी. माझा फाटा १७८४ च्या आसपासचा आहे. मुंबई तेव्हा सात बेटांची, मधे खाड्या आणि चिखल, आणि वरळी-महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी पार भायखळ्याच्या सखल भागापर्यंत आत यायचं. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथं बांध घातला, तो हॉर्नबी वेलार्ड. बांध सारखा ढासळायचा, मग बांधाचं काम बघणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंना देवी स्वप्नात आली, समुद्रातून मूर्ती वर काढल्या, देऊळ बांधलं आणि बांध टिकला अशी दंतकथा आहे. माझ्या मुंबईत त्या मूर्ती सापडल्याच नाहीत. बस, एवढंच बदललं.

पहिल्या भागात "काय बदललं" हे दाखवून भागतं, वाचक तेवढ्यावर खूश असतो. दुसऱ्या भागात मात्र वर्षं गेलेली असतात, म्हणून वहीत दोन रकाने करा, एकात खरं काय झालं आणि शेजारी आपल्याकडे काय होईल, आणि प्रत्येक ओळीला विचारा की या गोष्टीचा वरळीच्या पाण्याशी संबंध आहे का. नसेल तर तिला हात लावू नका. म्हणजे बघा, नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई, तिचा निकाल बांधावर अवलंबून नव्हता, मग ती माझ्याकडेही होते आणि पेशवाई जातेच, मला कितीही वाईट वाटलं तरी. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला सुरू होतंच, वरळीत पाणी असो की नसो. पण १६ एप्रिल १८५३ ची आगगाडी? ती बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि वाटेतलं भायखळा ते शीव हे बरंचसं सखल, माझ्याकडे तिथं भरतीला पाणी उभं. म्हणजे गाडी कल्याणकडून येऊन ठाण्यालाच थांबणार, पुढे माणसं नि माल मचव्यातून. एका ओळीत ठाणं हे सगळ्यात माजलेलं शहर झालं आणि मुंबईतले नाखवे श्रीमंत झाले, मला वेगळं काही रचावं लागलं नाही.

या रकान्यात जे नाहीसं होतं त्याकडे जास्त लक्ष द्या. कामाठीपुरा नाही, ताडदेव नाही, रेसकोर्स नाही. गिरण्यांना सपाट जागा नाही म्हणजे रत्नागिरी-साताऱ्याकडून लाखांनी माणूस येत नाही, चाळी नाहीत, पुढे गिरणगावच नाही. हे लिहिताना मला खरंच पोटात खड्डा पडला कारण माझे आजोबा लालबागला वाढलेले. तो खड्डा पुस्तकात येऊ द्या. माझ्या दुसऱ्या भागात एक म्हातारा आहे, त्याला रात्री भोंगा ऐकू येतो जो त्या शहरात कधी वाजलाच नाही, बाकी कुणाला ऐकू येत नाही. तिकडची मुंबई इथल्या मुंबईला कुठंतरी चिकटलीय हे मला एवढ्यातच सांगता आलं.

मॅप कसा करायचा, तर जुने नकाशे बघाच पण पावसाळ्यात फिरा. हिंदमाताला पाणी तुंबतं, किंग्ज सर्कलला गांधी मार्केटपाशी तुंबतं, या जागा मुळातच सखल. आणि नावं वाचा. पायधुणी म्हणजे चिखल-पाण्यातून आलेला माणूस जिथं पाय धुवायचा ती जागा. उमरखाडीत तर खाडी नावातच आहे. नावांवर पेन्सिलनं निळा रंग देत गेलात की अर्धा मॅप तयार होतो.

आता भरती-ओहोटी, आणि इथं मी सगळ्यात मोठी चूक केली होती. पहिल्या भागाच्या शेवटी माझी चांगुणा पौर्णिमेच्या मध्यरात्री, लेकराला खांद्यावर घेऊन, कोरड्या चिखलातून चालत पायधुणीला पोचते. लिहिताना मस्त वाटलं, चांदणं वगैरे. पुस्तक आल्यावर वरळी कोळीवाड्यातल्या एका काकांनी ते वाचून शांतपणे सांगितलं, पोरी, पुनवेला मध्यरात्री पाणी भरलेलं असतं, ती बुडाली असती. कोकण किनाऱ्याचा साधा हिशोब आहे, तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही, ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. शिवाय पुनवेला-अवसेला उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त चढतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती मवाळ. मी नेमकी उधाणाची रात्र निवडली होती.

दोन दिवस मला झोप नाही. मग वाटलं की चूक दुरुस्त करून नवी आवृत्ती काढण्यापेक्षा ती खरी मानू. त्या रात्री पाणी नव्हतं, म्हणजे कुणीतरी ते अडवून धरलं होतं. कुणी? आणि अडवलेलं पाणी गेलं कुठं? पाणी कुठंतरी जातंच हो, हे २६ जुलै २००५ पाहिलेल्या मुंबईकराला सांगावं लागत नाही, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीनं आपली बुजवलेली जागा परत मागितली. मग माझ्या जादूचा नियम ठरला: पाणी अडवता येतं, नाहीसं करता येत नाही. चांगुणासाठी अडवलेलं पाणी माझगावच्या खालच्या अंगाला एका वस्तीत शिरलं आणि ती वस्ती सकाळी नव्हती. दुसरा भाग हा त्या वस्तीचा आहे.

तुम्हीपण हेच करा. पहिला भाग हातात पेन घेऊन वाचा, आणि जिथं जिथं हिरो-हिरॉईन "कसेबसे" वाचलेत, योगायोगानं दार उघडं मिळालंय, तिथं खूण करा आणि प्रत्येक खुणेला विचारा की याची किंमत कुणी भरली. ज्या उत्तरानं तुमचं तुम्हालाच अस्वस्थ व्हायला होतं तो तुमचा प्लॉट.

काळ निवडताना दोन रकान्यांकडे परत या. मी १८६४ घेतलं. खऱ्या मुंबईत तेव्हा कापसाचा पैसा उतू जात होता, कारण अमेरिकेतला कापूस अडकलेला, आणि त्या पैशातून समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, बॅकबेच्या शेअरांसाठी लोक वेडे झाले, शेअरदलाल प्रेमचंद रायचंदांचं नाव घरोघरी. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. माझ्याकडे तोच पैसा ठाण्याच्या धक्क्यावर येतो आणि एक कंपनी म्हणते की ऐंशी वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेला वरळीचा बांध आम्ही पुरा करू. शेअर विकले जातात. बुडालेल्या वस्तीतल्या बाईची पणती सुंद्री तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवते, तिला एकटीला माहितीय की अडवलेलं पाणी कुठं जाईल.

मागच्या भागाची गोष्ट आठवून द्यायला प्रस्तावनेत दोन पानं खर्च करू नका. ऐंशी वर्षांत लोकांनी त्या गोष्टीचं काय केलं ते दाखवा. माझ्याकडे पायधुणीला चांगुणेची घुमटी आहे, बाया नवसाला ओटी भरतात. माझगावात तिच्या नावानं शिवी देतात. दोन्हीकडची गाणी वेगळी, दोन्हीत तपशील चुकीचे. नव्या वाचकाला गोष्ट कळते आणि जुना वाचक मनातल्या मनात भांडतो की अरे असं नव्हतं झालं, आणि तो भांडायला लागला की पुस्तक खाली ठेवत नाही.

भाषेचं एक. गिरण्या नाहीत, तशी गर्दी नाही, मग आपली ती बंबैया हिंदी तिथं कुठून येणार? माझी माणसं कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू, पारशी, किरिस्ताव, त्यांच्या मराठ्या वेगवेगळ्या. तांडेल तांडेलासारखा बोलला पाहिजे, खलाशी शीड उतरवताना काय ओरडतो ते ऐकून घ्या, कोळीवाड्यात जाऊन बसा आणि विचारा, लोक प्रेमानं सांगतात. पण संवादात सगळंच बोलीत घातलं तर वाचक दमतो, मी क्रियापदं बोलीत ठेवते आणि बाकी सोपं, हे मला जमलं, तुम्हाला दुसरं काही जमेल.

शेवटी सगळे चॅप्टर लिहून झाले की प्रत्येकावर तिथी टाका, तीननं गुणा, चारनं भागा, आणि जिथं कुणी पाण्याजवळ उभं आहे तिथं पाणी घोट्याला की गळ्याला ते बघा. मी आता अठराव्या चॅप्टरला आहे, कार्तिक वद्य अष्टमी, सहाची भरती, आणि सुंद्रीला नेमकं तेव्हाच खिंडार ओलांडायचंय. यावेळी कुणी पाणी अडवणार नाहीये, ती आपली तर घेऊनच निघालीय.