घरच्या सुतारकामातील कार्ट्रिज फिल्टरची सफाई

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरात, सोसायटीच्या तळमजल्यावर माझी सुतारकामाची खोली आहे. तेथील धूळ ओढणाऱ्या यंत्राचा कार्ट्रिज फिल्टर, म्हणजे घड्या घातलेल्या कापडाचा किंवा कागदाचा नळकांड्यासारखा फिल्टर, मी सुरुवातीला दर रविवारी साफ करीत असे आणि तेच चुकत होते. फिल्टरच्या कापडावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच बारीक कण अडवतो. तो वारंवार खरवडला, तर नवा थर जमेपर्यंत अधिक धूळ खोलीत परतते आणि कापडही लवकर झिजते.

म्हणून सफाईची वेळ दिवसांवर नव्हे, तर दाबावर ठरवावी. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवावी, तिच्यात रंगीत पाणी भरावे आणि तिचे एक टोक पंखा व फिल्टर यांमधल्या भागाला जोडून दुसरे मोकळे ठेवावे. नवा फिल्टर असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात पडणारा फरक खुणेने नोंदवावा. पुढे, धूळ ओढणाऱ्या नळ्यांवरील त्याच झडपा उघड्या असताना, हा फरक साधारण दुप्पट झाला की मी सफाईला हात घालतो.

आधी यंत्र बंद करून प्लग काढावा. आत घड्यांवरची धूळ झटकणारे फिरते पॅडल असल्यास ते दोन्ही दिशांना सावकाश फिरवावे आणि धूळ पिशवीत बसण्यासाठी पंधरा मिनिटे थांबावे. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम भागते.

भागले नाही, तर फिल्टर उतरवावा. त्याआधी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा, कारण लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. हवा नेहमी स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे मारावी. पंख्याची हवा आतून बाहेर ढकलली जाणाऱ्या फिल्टरमध्ये धूळ आतल्या बाजूला असते, तेव्हा फवारा बाहेरून द्यावा. कॉम्प्रेसरचा दाब ३० पीएसआयच्या आसपास आणि नोझल वीतभर दूर ठेवून घड्यांच्या रेषेत वरून खाली जावे. फिल्टर जमिनीवर आपटू नये आणि तारेचा ब्रश लावू नये, घड्या फाटतात. गच्चीवर हे काम करायचे झाल्यास शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे आणि पापड आधी पाहावेत. मी तरी फिल्टर मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत धरून, तिच्यात व्हॅक्यूम क्लीनरची नळी सोडून हवा मारतो.

कागदी, म्हणजे सेल्युलोजचा फिल्टर कधीही धुऊ नये. पॉलिएस्टरचा असेल आणि उत्पादकाची परवानगी असेल, तरच धुवावा, पण जून ते सप्टेंबरमध्ये मुळीच नाही. मी एकदा जुलैत धुतलेला फिल्टर तीन दिवस बाल्कनीत ठेवूनही आतून ओलाच राहिला. उरलेल्या भुशाचा लगदा झाला आणि बुरशीचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

परत बसवण्यापूर्वी खोलीत अंधार करून फिल्टरच्या आत टॉर्च फिरवावा; बाहेर प्रकाशाचा टोकदार ठिपका दिसला, तर तेथे छिद्र आहे. रबरी गॅस्केट चिरलेले असल्यास बदलावे. निघालेली धूळ, विशेषतः एमडीएफची (लाकडाचे तंतू चिकटद्रव्याने दाबून केलेल्या फळ्यांची), कुंडीत न टाकता बंद पिशवीत भरून कचऱ्यात द्यावी. यंत्र सुरू केल्यावर नळीतील फरक मूळ खुणेपर्यंत क्वचितच उतरतो, त्यामुळे नवी खूण करावी. तो थोड्याच तासांत पुन्हा दुपटीवर जात असेल, तर फिल्टर बदलण्याची वेळ झाली आहे.