बुचांऐवजी टेट्रापॅक: मुलांसाठी एल अनात्सुईंचा पडदा

घानाचे शिल्पकार एल अनात्सुई (जन्म 1944) बाटल्यांची चपटी केलेली बुचं तांब्याच्या तारेने जोडून कापडासारखे भव्य पडदे घडवतात. मुलांना ते करून बघायचं असतं, पण बुचांच्या कडांनी बोटं कापतात आणि छिद्रं पाडण्यातच तास संपतो.

आम्ही बुचांऐवजी ताक-ज्यूसचे रिकामे टेट्रापॅक घेतले. आतली बाजू चंदेरी असते आणि मुलांच्या कात्रीने सहज कापली जाते.

1. पॅक उभा कापा, साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. नाहीतर दोन दिवसांत वास मारतो.
2. 4 × 6 सेंमीचे तुकडे करा. चारही कोपऱ्यांत पंचिंग मशीनने भोकं पाडा. काही तुकडे छापील बाजूनेच ठेवा, रंग येतो.
3. पावाच्या पिशवीला असते तशी प्लास्टिक चढवलेली तार जोडायला घ्या. पीळ देताना फासात पेन्सिल धरा आणि मग काढून घ्या. खरी युक्ती हीच! जोड सैल राहतो, म्हणून पडद्याला चुण्या पडतात. घट्ट बांधलं की नुसता पुठ्ठा होतो.
4. प्रत्येकाने 16 तुकड्यांचा चौकोन करावा. शेवटी सगळे जोडा.

टांगताना सरळ ताणू नका. अनात्सुईंची कलाकृती दर प्रदर्शनात वेगळ्या घड्या घेते, तेव्हा घड्या कुठे पाडायच्या ते मुलांनाच ठरवू द्या.

तारेची टोकं मात्र मागे दुमडाच, टोचतात.