एमपी४ की एमकेव्ही? एडिटिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एक्स्टेन्शन बघून क्वालिटी ठरवायची सवय आधी मोडा. एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही हे नुसते डबे. चित्र आणि आवाज किती दाबून भरायचे, ते कोडेक (दाबण्याची पद्धत) आणि बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) यांवर ठरतं. एच.२६४ या कोडेकमधला तोच व्हिडिओ तिन्हींत बसतो आणि सारखाच दिसतो. फाइल हातात आली की मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये उघडून कोडेक, ऑडिओ ट्रॅक किती, फ्रेमरेट स्थिर की बदलता, एवढं बघून घ्या. फ्रेमरेट बदलता असेल तर टाइमलाइनवर आवाज हळूहळू सरकतो.

स्क्रीन किंवा लाइव्ह रेकॉर्डिंग करताना एमकेव्हीच घ्या. कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे, याची यादी साध्या एमपी४मध्ये 'मूव्ह' नावाच्या भागात असते, आणि ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर सगळा डेटा डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही. रिपेअर टूलने कधी जमतं, भरवसा मात्र नाही. एमकेव्ही तुकड्यातुकड्यांत लिहिलं जातं, त्यामुळे शेवटचे काही सेकंद जातात, बाकीचं वाचतं. (तुकड्यांत लिहिल्या जाणाऱ्या फ्रॅगमेंटेड एमपी४चंही तसंच, पण काही जुनी सॉफ्टवेअर ते नीट वाचत नाहीत.)

क्लायंटला द्यायला किंवा वेबवर टाकायला एमपी४. त्यासाठी पुन्हा एन्कोड करत (म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबत) बसू नका. एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या टूलमध्ये कोडेकच्या जागी 'कॉपी' द्या. डबा बदलतो, चित्राला धक्का लागत नाही. 'फास्टस्टार्ट' लावलं की मूव्ह फाइलच्या सुरुवातीला येतो आणि पूर्ण डाउनलोड व्हायच्या आत व्हिडिओ चालू होतो. इथे नवखे हमखास फसतात: 'मॅप ०' दिलं नाही तर एफएफएमपेग एकच ऑडिओ ट्रॅक उचलतो, माइकचा वेगळा ट्रॅक गुपचूप गळतो. एसआरटी (साधा मजकूर) सबटायटल एमपी४मध्ये तसेच कॉपी होत नाहीत, 'मूव्ह टेक्स्ट' या एमपी४मधल्या सबटायटल प्रकारात बदलावे लागतात. एएसएस या सजवलेल्या सबटायटल प्रकाराची सजावट त्यात बहुतेक उडते. कोडेक एचईव्हीसी (एच.२६५) असेल तर टॅग 'एचव्हीसी१' ठेवा, नाहीतर क्विकटाइम प्लेयर फाइल नाकारतो.

एव्हीआय हा डबा १९९२चा आहे. जुनं फुटेज वाचण्यापुरतं ठीक, नवीन काही त्यात करू नका.

आवाजाच्या लांब रेकॉर्डिंगला वेव्ह (डब्ल्यूएव्ही) फाइलची ४ जीबीची मर्यादा आडवी येते, कारण फाइलचा आकार ३२ बिटांत लिहिलेला असतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओमध्ये ती साधारण ४ तासांत गाठली जाते. कार्यक्रम त्याहून मोठा असेल तर आरएफ६४ (वेव्हचाच, ही मर्यादा नसलेला प्रकार) निवडा, किंवा रेकॉर्डरमध्ये फाइल आपोआप तोडण्याची सेटिंग आधीच लावून ठेवा.