फेस आला, पण मुळी कुणाची?

जळगावला सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते. शेवटच्या सत्रात प्रकल्पाला एखादी औषधी वनस्पती घ्या म्हटल्यावर मी सफेद मुसळी घेतली. आजी हिवाळ्यात डिंकाच्या लाडवांत तिची पूड घालायची, एवढीच माझी तिच्याशी ओळख. जानेवारीत बाजारातून अर्धा किलो सुकी मुळं आणली, मिक्सरला दळली आणि चिमूटभर पूड परीक्षानळीत पाण्यासोबत जोरात हलवली. घुसळलेल्या ताकासारखा फेस वर आला, तो १५ मिनिटं झाली तरी बसेना. सॅपोनिन आहेत! तारीख घालून वहीत लिहून टाकलं. पुढचा दीड महिना त्या एका ओळीच्या भरवशावर गेला आणि सगळा पाण्यात गेला.

सॅपोनिन म्हणजे साबणाच्या स्वभावाचा रेणू. एका अंगाला तेलकट सांगाडा, दुसऱ्या अंगाला पाण्यात रमणारी साखर. रिठ्याचा फेस याच मंडळींचा. फक्त रिठ्यात सांगाडा ट्रायटर्पीनचा असतो, मुसळीत स्टेरॉइडचा. आम्लात उकळून साखर तोडली की उरलेल्या सांगाड्यांत हेकोजेनिन हे नाव हमखास येतं. तेच हेकोजेनिन घायपाताच्या रसातूनही काढतात आणि त्यापासून कॉर्टिकोस्टेरॉइड औषधं बनवली गेली आहेत. बांधावरच्या घायपाताकडे मी तेव्हापासून जरा मान देऊन बघते. मुसळीत याशिवाय फ्रुक्टान, म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्या, बऱ्यापैकी असतात, आणि थोडी प्रथिनं. सॅपोनिनचा आकडा मात्र कुठे २ टक्के, तर कुठे १७ टक्के दिलेला सापडतो. एवढी तफावत पाहूनच मला शंका यायला हवी होती.

शंका आली ती टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत पसरवून दाखवणाऱ्या चाचणीच्या, प्लेटवर. ॲनिसाल्डिहाइड फवारून प्लेट तापवली, ठिपके छान उमटले, पण सरांकडच्या खात्रीच्या नमुन्याशी एकही धड जुळेना. आठवडाभर मी द्रावकाचं प्रमाण बदलत बसले. शेवटी सर म्हणाले, चोपड्याकडे एक ओळखीचे शेतकरी मुसळी लावतात, त्यांना माल दाखवून ये.

त्या शेतकऱ्यांनी, आप्पांनी, पुडीतलं एक मूळ उचललं, दोन बोटांत मोडलं आणि माझ्यापुढे धरलं. "माय, हाई मुसळी नही शे. देख, मझार दोरा शे." खरंच आतून चिवट दोरा लोंबत होता. मग घरातून त्यांची मुसळी आणली. ती खडूसारखी टकन तुटली, आत दोरा नाही. मी शतावरी दळली होती. शतावरीतही स्टेरॉइडी सॅपोनिन असतात, त्यामुळे फेस येणारच! फेसाची चाचणी खोटं बोलली नव्हती, मी तिला चुकीचा प्रश्न विचारला होता.

म्हणून नवीन येणाऱ्यांनी आधी नावाचा घोळ समजून घ्यावा. मुसळी म्हणजे क्लोरोफायटम ही प्रजाती. तिच्यात २०० च्या आसपास जाती आहेत, बहुतेक आफ्रिकेतल्या. बाल्कनीतला स्पायडर प्लांटही तिच्यातलाच. औषधाची मुख्य जात क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. नावातली बोरिवली आपल्या मुंबईचीच. तिची गुबगुबीत मुळं थेट बुडख्यापासून झुपक्याने निघतात. क्लोरोफायटम ट्यूबरोसमची मुळं बारीक आणि त्यांच्या टोकाला गाठी. काळी मुसळी तर निराळीच प्रजाती, तिचं फूल पिवळं. उत्तरेत सफेद मुसळी या नावाने शतावरीची एक बहीणही विकली जाते. दुकानदाराला दोष देऊन मोकळं होता येत नाही ते यामुळेच.

आणि वेळापत्रक! आपला प्रकल्प सुरू होतो डिसेंबर-जानेवारीत. झाड फुलतं पावसाळ्यात. तोरणमाळच्या पठारावर जुलैत गवतातून पांढऱ्या चांदण्यांसारखे तुरे दिसतात, दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडून जमिनीवर काहीच उरत नाही. जात पक्की करायची तर फूल लागतं आणि सॅपोनिनला पिकलेलं मूळ. म्हणजे तिसऱ्या सत्रातच, पावसात, फुलासकट हर्बेरियम शीट, म्हणजे झाड दाबून वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना, करून ठेवायची, कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून ओळख लेखी घ्यायची आणि मुळं त्याच शेतातून थंडीत आणायची. सातपुड्यात जाऊन उपटू नका. वनखात्याची परवानगी लागते हे एक, आणि जंगलातली मुसळी आधीच खणून खणून विरळ झालीय. शेतावरून ओली मुळं घेताना हिशेब जरा सढळ ठेवा. माझ्या पाच किलोची सोलून वाळवून जेमतेम एक किलो झाली.

प्रयोगशाळेचं थोडक्यात. पेट्रोलियम ईथरने चरबी काढा, मग मेथनॉल, मग पाणी आणि ब्यूटॅनॉलमध्ये वाटणी. सॅपोनिन ब्यूटॅनॉलमध्ये येतात. सेपरेटिंग फनेल जोरात हलवायचं नाही, हळू उलटंसुलटं करायचं, नाहीतर दोन थरांच्या मध्ये पांढरा साय-साय थर बसतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हलत नाही. रोटाव्हेपरवर, म्हणजे द्रावक उडवून अर्क घट्ट करणाऱ्या फिरत्या यंत्रावर, फ्लास्क पाव भरेल एवढंच घ्या. मी अर्धा भरून चहा प्यायला गेले होते. परत येते तो फेस कंडेन्सरमध्ये चढलेला, आणि तीन दिवसांचा अर्क दुसऱ्या बाजूच्या फ्लास्कमध्ये!

गुणधर्मांबद्दल लिहिताना हात आखडता ठेवा. ताकद, वाजीकरण ही मुसळीची जुनी ख्याती. जाहिराती त्यावरच चालतात. पण पुरावा बहुतांशी उंदरांवरचा, माणसांवरचे अभ्यास थोडे आणि छोटे. डीपीपीएच या जांभळ्या रसायनाच्या चाचणीत रंग उडाला म्हणून "प्रभावी अँटिऑक्सिडंट" असं लिहायचा मोह मलाही झाला होता. चहाच्या पत्तीनेही तो रंग उडतो.

पुढे काय, हे घरचे विचारतातच. आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यांत गुणवत्ता नियंत्रणाला माणसं लागतात. संशोधन करायचं तर लखनौचं सीमॅप ही औषधी-सुगंधी वनस्पतींची संशोधन संस्था आहे, आणि आपल्याला जवळ म्हणजे गुजरातेत आणंदजवळ बोरियावीला औषधी वनस्पतींचं केंद्रीय संचालनालय. मी पहिल्या रस्त्याने गेले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न होता, मुसळीचं कुळ कोणतं? जुन्या पुस्तकांत लिलिएसी आहे; २००९ च्या वर्गीकरणात ती शतावरीच्याच ॲस्परागेसीत गेली. मी तसं सांगितलं. समोरचे म्हणाले, "अरे वा, बरोब्बर लक्षात आहे!" न राहून मी अर्ध्या किलोची सगळी हकिकत सांगून टाकली.